अनुसूचीतला अपवाद आणि समदभाईंचा खण

या लेखात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे. नियंत्रित औषधांच्या यादीत भर घालणारा जो कायदा काही वर्षांपूर्वी आपल्याकडे झाला, त्याच्या अनुसूचीखाली रुग्णांसाठी एक अपवाद आहे. तो अपवाद मसुदा उपसमितीने ‘साकल्याने विचार करून’ घातला, असे छापील अहवालात म्हटले आहे. ते खरे नाही. तो अपवाद श्री. अब्दुल समद रोहेकर यांनी घडवला. त्या उपसमितीचा सदस्य-सचिव मी होतो, मूळ कलम माझ्या हातचे होते आणि अहवालही मीच लिहिला. तेव्हा या बाबतीत माझी साक्ष ग्राह्य धरण्यास हरकत नसावी.

समदभाईंच्या साठाव्या वर्षानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी माझ्याकडे ‘हृद्य आठवणी’ मागितल्या होत्या. तसे लिहिण्याची मला सवय नाही. माझी सारी नोकरी विधेयकांचे मसुदे करण्यात गेली आणि त्या कामात विशेषणांना जागा नसते. समदभाईंविषयी लिहितानाही ती शक्यतो टाळीन आणि घडले ते क्रमाने सांगेन.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता वाशीला राहायला आलो. नव्या जागेत मला झोप लागेना. एका परिचित डॉक्टरांनी पूर्वी दिलेली गोळी संपली होती. कोपरखैरण्याला एका नातेवाइकांकडे गेलो असता परतताना बोनकोडे गावाच्या तोंडाशी औषधाचे एक दुकान दिसले. गल्ल्यामागे पांढरा सदरा घातलेले, चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ बसले होते. मी गोळीचे नाव सांगितले.

“चिठ्ठी?” त्यांनी विचारले.

“घरी आहे. गोळी नेहमीचीच आहे.”

“मग घरी जाऊन घेऊन या. दुकान कुठं पळून नाय जात.”

मी कोण होतो आणि आयुष्यभर काय काम केले, हे त्यांना सांगितले. त्यात थोडी घमेंड असावी. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि माझ्याकडे नीट पाहिले.

“कायदे लिवनारे तुमी? मग तर चिठ्ठी आनाच, साहेब. तुमीच नाय आनली तर आमी कोनाला मागायची?”

मला राग आला नाही. उलट समाधान वाटले. नियमासमोर माणसाचा हुद्दा न पाहणारा विक्रेता दुर्मीळ असतो. मी पायरी उतरलो आणि छत्री उघडू लागलो, तेवढ्यात केसांत दगडखाणीची भुकटी बसलेला एक माणूस आत शिरला. त्याने नाव सांगितले नाही, कागद दाखवला नाही. तो फक्त म्हणाला, “भाई, एकशेबारा.”

समदभाईंनी डबा काढला, नव्वद गोळ्या मोजल्या, पुडी बांधली आणि म्हणाले, “तीन महिन्याच्या हायेत. एक पन दिवस मोडायचा नाय. काय?”

“न्हाई मोडत,” म्हणून तो माणूस पुडी सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून निघून गेला.

मला चिठ्ठीवाचून दहा गोळ्या नाकारल्या होत्या. त्याला नव्वद मिळाल्या. खुणेचा एक आकडा आणि आतला खिसा, एवढ्या दोन गोष्टींवरून मी निष्कर्ष काढला की नियम अनोळखी माणसासाठी आहे आणि बांधलेल्या गिऱ्हाइकासाठी धंदा आहे. त्याच पावली परत फिरून विचारले असते, तर एका वाक्यात खुलासा झाला असता. मी विचारले नाही.

पुढच्याच वर्षी नव्या विधेयकाचा मसुदा करण्यासाठी उपसमिती नेमली गेली आणि तिच्यावर मला बोलावले गेले. विधेयकाची गरज खरी होती, हे स्पष्टपणे नोंदवतो. केंद्राचा कायदा अस्तित्वात होताच. पण त्यात न येणारी काही औषधे कारखान्यांच्या पट्ट्यात नशेसाठी वापरली जात होती. त्यांत खोकल्याची पातळ औषधे होती, काही इंजेक्शने होती आणि झोप आणणाऱ्या गोळ्यांचा एक मोठा वर्ग होता. यादी वाढवणे आणि यादीतले औषध बेकायदा बाळगणे हा कैदेचा गुन्हा ठरवणे, हा विधेयकाचा गाभा होता. त्या गोळ्यांच्या वर्गातच आकडीच्या रुग्णांना रोज घ्यावी लागणारी एक जुनी, स्वस्त गोळी येत होती. आपल्याकडे तिला फिटची गोळी म्हणतात.

मी कलम असे लिहिले: अशी गोळी ज्याच्याजवळ सापडेल, त्याच्याजवळच, त्याच वेळी, त्याच्या नावाची चिठ्ठी असली पाहिजे. ती नसल्यास गोळी बेकायदा आहे असे गृहीत धरले जाईल आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर राहील. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बोनकोड्याचे ते दुकान होते, हे नाकारत नाही. कलम वाचून सहकाऱ्यांनी माझे अभिनंदन केले. त्यात एकही पळवाट नव्हती. निर्दोष माणसाला बाहेर पडायचा दरवाजाही नव्हता, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही.

मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला आणि कायदा होण्याआधीच त्याची भीती पसरली. ठोक विक्रेत्यांनी माल परत मागवला. ऐरोली, दिघा भागातल्या दुकानदारांनी फिटची गोळी ठेवणेच बंद केले. नसती ब्याद कोणी घ्यावी? समदभाईंनी डबा परत केला नाही. ठोक विक्रेत्याच्या माणसाला त्यांनी सांगितले, “कायदा झाला की पयला माझ्याकडं ये. तवर ह्या गोळ्या दुसऱ्याच्या हायेत, मी फक्त सांभाळतो.” आकडीच्या रुग्णाची गोळी दोन-चार दिवस चुकली तर काय होते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. एकामागून एक झटके येऊ शकतात आणि माणूस दगावू शकतो. समदभाईंना ते माहीत होते.

समदभाईंचा कायद्याला विरोध होता, असा समज अजूनही काही लोकांत आहे. तो चुकीचा आहे. खोकल्याच्या त्या औषधाची विक्री त्यांनी कोणी न सांगता मर्यादित केली होती. या ग्रंथाचे एक संपादक त्यांच्या दुकानात बसले असता एक धडधाकट गृहस्थ दिवसभरात तिसऱ्यांदा बाटली मागायला आला. समदभाई म्हणाले, “आधी खोकून दाखव.” तो कसाबसा खोकला. “हा खोकला नाय, ही खाकरनी. घरी जा, मीठपान्याच्या गुळन्या कर.” तो गृहस्थ शिव्या देत गेला आणि समदभाईंनी पाठीमागून हाक मारली, “मीठ नसंल तर ते देतो, फुकट!” यादी वाढावी, असे त्यांचे आमच्याहूनही ठाम मत होते. त्यांची हरकत एकाच कलमाला होती.

हरकतींची सुनावणी बेलापूरला एका कार्यालयाच्या सभागृहात झाली. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश होते. समोर औषधविक्रेते, काही डॉक्टर, दोन पोलीस अधिकारी आणि मागच्या रांगांत बरीच सामान्य माणसे होती. समदभाईंचा क्रम आला तेव्हा ते हातात लाकडी खण घेऊन उठले. दुकानातल्या कपाटाचा अखंड खण त्यांनी बसमधून मांडीवर धरून आणला होता. तो त्यांनी आमच्या टेबलावर ठेवला.

“तुमचे म्हणणे थोडक्यात सांगा,” अध्यक्ष म्हणाले.

“थोडक्यातच हाय. मसुद्यात लिवलंय, गोळी जिथं तिथं चिठ्ठी. साहेब, गोळ्या दिघ्याला हायेत, घनसोलीला हायेत, खाडीकडच्या पाड्यावर हायेत. चिठ्ठ्या हितं हायेत.”

खणात प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेल्या चिठ्ठ्या उभ्या लावलेल्या होत्या. प्रत्येकीवर आकडा होता आणि रुग्णाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती.

मी विचारले, “रुग्णाची चिठ्ठी विक्रेत्याकडे का?”

“त्यांनी ठेवायला दिली म्हनून. मी त्यांना नंबर देतो. चिठ्ठीची मुदत माझ्या ध्यानात असते. संपत आली की डॉक्टरकडं धाडतो, नवी लिवून आनायला लावतो. कागद भिजतो, हरवतो. नंबर डोक्यात ऱ्हातो.”

‘एकशेबारा’चा अर्थ मला त्या क्षणी कळायला हवा होता. कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता. मी प्रक्रियेचा मुद्दा काढला: ज्या कागदावरचे नाव झाकलेले आहे, तो पुरावा होऊ शकत नाही. पट्ट्या काढाव्यात किंवा नावे वाचून दाखवावीत.

“नाव नाय सांगनार,” समदभाई म्हणाले.

“मग हा खण आम्हाला विचारात घेता येणार नाही.”

“नका घेऊ. नाव माझं नाय, मी कसं सांगू?”

यावर थोडी बोलाचाली झाली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. तिशीच्या आसपास वय, गडद निळे लुगडे, हातात डब्याची पिशवी. त्यांना मी इथे शेवंताबाई म्हणतो. हे त्यांचे खरे नाव नाही. हा लेख लिहिण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली, आणि नाव बदलण्याची अट समदभाईंनी घातली. त्या चालत टेबलापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “एकशेबारा माजा हाय. काडा पट्टी.”

समदभाई मागे वळले. “बाय, तू गप बस. तुला बोलावलं नाय कोनी.”

“बसले हुते की गप, भाई. लई वर्सं बसले.” मग आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, “सायब, मला ल्हानपनापास्नं फिट येती. ही गोळी खाल्ली तर न्हाई येत. कारखान्यात पाकिटं भरते, दिघ्याला खोली हाय भाड्याची. खोलीच्या मालकिनीला कळलं तर म्हनंल, हिच्या अंगात येतं, हिला घालवा. म्हनून कागद भाईंकडं. तुमी म्हनता, जवळ ठेव. मी पडले की लोक पयली माजी पिशवी चापसत्यात. कागद गावला की झालं.”

त्यांच्यामागे एक पुरुष येऊन उभे राहिले. बोनकोड्याच्या दुकानात पाहिलेले तेच गृहस्थ, शेवंताबाईंचे पती ज्ञानू (हेही बदललेलेच नाव). ते अध्यक्षांना म्हणाले, “गोळ्या मी आनतो. तिचा खाडा हुईल म्हनून. कागद तिच्या नावाचा. मला नाक्यावर धरलं, तर मी काय सांगायचं?”

अध्यक्षांनी माझा मसुदा पुढ्यात ओढला. मग त्यांनी मला विचारले, “पाटगावकर, या दोघांपैकी तुमच्या कलमाखाली गुन्हेगार कोण ठरतो?”

मी कलम पुन्हा वाचले. “दोघेही,” मी म्हणालो.

तर्कशास्त्रात निष्कर्ष निर्दोष असूनही आधारविधान खोटे असू शकते, हे मी विद्यार्थिदशेतच शिकलो होतो. माझे आधारविधान असे होते की आजारी माणसाचा कागद त्याच्या खिशात असतो. ज्याला आजार लपवावा लागत नाही, ज्याच्या घरात कागद ठेवायला कोरडे कपाट आहे आणि ज्याचे औषध त्याला स्वतःला आणता येते, त्याच्यापुरते ते खरे होते. थोडक्यात, ते माझ्यापुरते खरे होते.

त्यानंतर अर्धा तास समदभाई आणि अध्यक्ष यांच्यात जे बोलणे झाले, त्यातून आजचा अपवाद तयार झाला. रुग्णाने आपली चिठ्ठी परवानाधारक विक्रेत्याकडे नोंदवून ठेवावी. विक्रेत्याने त्याला फक्त क्रमांक आणि दुकानाचा शिक्का असलेले कार्ड द्यावे. त्यावर आजाराचे नाव नसावे. कार्ड रुग्णाजवळ असो वा औषध नेणाऱ्या घरच्या माणसाजवळ, अटक करण्याआधी पोलिसांनी दुकानात खात्री करून घ्यावी. पोलीस अधिकाऱ्यांपैकी एकांनी शंका काढली की, दुकान बंद असेल तर काय करायचे?

“मी वरच ऱ्हातो. बेल दाबा.”

“आणि तुम्ही उठला नाहीत तर?”

“मी नाय उठलो तर बोनकोडे उठंल. लई मोठी बेल हाय, साहेब.”

सभागृह हसले. मीही हसलो, असे मला आठवते. त्या रात्री झोपताना मला कित्येक महिन्यांत प्रथमच गोळीची गरज भासली नाही. ते कलम जसेच्या तसे गेले असते आणि पहिल्याच महिन्यात ज्ञानूंसारखा माणूस नाक्यावर पकडला गेला असता, तर तो कैदेत आणि त्याची बायको गोळीविना, असा त्याचा परिणाम झाला असता. आणि त्या कागदावर अक्षर माझे असते. तसे घडले नाही. ते ओझे उतरल्याची भावना अजून ताजी आहे. विधेयक त्या अपवादासह संमत झाले. दुकानांत गोळ्या परत आल्या. शेवंताबाईंची एकही गोळी चुकली नाही, त्या त्याच खोलीत राहतात आणि त्याच कारखान्यात काम करतात. अध्यक्षांनी उपस्थितांना विनंती केली होती की बाईंचे बोलणे या दाराच्या आतच राहावे. ते राहिले. नवी मुंबईतल्या माणसांविषयी माझे मत त्या दिवसापासून बदलले.

समदभाईंच्या वैयक्तिक स्नेहाचा एकच प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला एक औषध सुरू झाले. ते त्याच अनुसूचीत आहे. आमच्या सोसायटीत बातमी जिन्याने चढते, आणि कोणाला काही कळू नये अशी पत्नीची इच्छा होती. चिठ्ठी घेऊन मी बोनकोड्याला गेलो. समदभाईंनी ती वाचली, पिशवीत घातली, नावावर पट्टी लावली आणि कार्डावर शिक्का मारला.

“वैनींना सांगा, त्यांचा नंबर लई चांगला आलाय. ध्यानात ठेवायला सोपा.”

घरी येऊन मी ते कार्ड पत्नीच्या हातात दिले. तिने ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, “यावर काहीच लिहिलेले नाही?”

“नाही,” मी म्हणालो. “तेच तर त्याचे काम आहे.”

ती बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी हसली. तेव्हापासून दर महिन्याला औषध समदभाई स्वतः पोहोचवतात. कितीही आग्रह केला तरी चहाला थांबत नाहीत, कारण आत बसले तर शेजारी विचारतील, ‘केमिस्ट कशाला आले होते?’

माझे विधान सिद्ध झाले, असे मी मानतो. खण समदभाईंचा, क्रमांक समदभाईंचे, कार्डाची कल्पना समदभाईंची. उपसमितीचे केवळ शब्द. छापील अहवाल बदलता येत नाही. निदान या ग्रंथात तरी बरोबर नोंद राहो.

समदभाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. पायऱ्या चढताना त्यांचा गुडघा दुखतो आणि त्यावरचे औषध ते स्वतः वेळेवर घेत नाहीत, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार आहे. दुसऱ्यांना दिलेली ताकीद त्यांनी स्वतःही पाळावी: एक पन दिवस मोडायचा नाय. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, ते निरामय असो, आणि बोनकोड्याच्या त्या गल्ल्यामागे त्यांचा चष्मा आणखी पुष्कळ वर्षे कपाळावर चढत-उतरत राहो, ही प्रार्थना.

एक दुरुस्ती उरते. सुनावणीचा वृत्तांत देताना ‘यावर थोडी बोलाचाली झाली’ असे मी वर लिहिले आहे. ते बरोबर नाही. बोलाचाली झाली नाही. बोललो मी एकटा. समदभाईंनी नावे सांगण्यास नकार दिल्यावर मी भर सभेत म्हणालो, “नाव झाकण्याची गरज रुग्णाला नसते. ती विक्रेत्याला असते.” समदभाई खणावर हात ठेवून उभे राहिले. शेवंताबाई उठल्या त्या माझ्या कलमाविरुद्ध नव्हे, या वाक्याविरुद्ध. जे त्यांनी इतकी वर्षे जिवापाड जपले होते, ते त्यांनी एका सज्जन माणसावरचा माझा आरोप खोडण्यासाठी शंभर लोकांसमोर उघडे केले. सभेचे इतिवृत्त मी लिहिले, म्हणून त्यात ते वाक्य नाही. समदभाईंनी ते पुन्हा कधी काढले नाही. ते वाक्य माझे होते, ते चूक होते, आणि मी ते मागे घेतो.

— दत्तात्रय शंकर पाटगावकर
वाशी, नवी मुंबई